कुत्र्याला ‘अहो’

गोरेगावच्या समाजमंदिरात दारं-खिडक्या लावून भरदुपारी जुना हसायचा सिनेमा लावला होता. त्यातलं कुत्रं शेजारणीची चप्पल उचलून घरी आणतं, बायको नवऱ्यावर संशय घेते अन् ट्रंक भरून माहेरला निघते... तेवढ्यात आमच्या मुन्नानं पडद्यावरच्या कुत्र्यावर झेप घेतली. पडदा उभा फाटला.

मुन्ना म्हणजे आमचं कुत्रं. ऐकलं तर फक्त माझ्या नातीचं, राजनंदिनीचं.

ती ओरडली, "मुन्ना, नालायका, खाली बस!"

सिनेमाच्या मशीनमागून एक पोरगं अर्धं उठलं. "बसलोच होतो की... काय चुकलं माझं?"

मंडपवाला तो. त्याचंही नाव मुन्नाच. सगळे खो-खो हसले. ही लाल झाली, पण नजर खाली घेतली न्हाई. मी बघितलं. माझी शाळा दुसरीत सुटली, डोळे न्हाई सुटले.

सिनेमा अर्धाच राहिला अन् पोरीच्या जिवाला चैन न्हाई. गिरणीला जायचं, तर वाट मंडपवाल्याच्या दुकानावरून.

"त्या नवरा-बायकोचं जमलं का शेवटी?"

"उद्या सांगतो."

"काल बी हेच म्हणले! काहून सांगत न्हाई?"

"सांगितल्यावर... तुमी येताल का परत?"

मी मागं दळण घेऊन उभी. दोघांना जणू दिसतच न्हाई.

घरी भाकरी करपून राहिली. ही चुलीपासून दारात, दारातून चुलीपाशी. विचारलं की, "काही न्हाई, आजी."

अन् तिच्या बापानं, वैजनाथनं, हट्टा गावचे पाहुणे बोलावलेले, हिला मागायला. होकार मीच भरला होता. माझा शब्द खाली पडत न्हाई. आज सुपारी फोडायची.

पाहुणे बसले. तेवढ्यात कुत्र्यानं नवरदेवाचा बूट पळवला.

"नंदे, हाक मार त्याला!" वैजनाथ खेकसला.

तिनं तोंड उघडलं... मिटलं. पदर सावरला. मग हळूच म्हणली, "अहो... सोडा ना तो बूट."

पाहुणे हसून लोळले. "कुत्र्याला अहो? लई वळण लावलं म्हणायचं!"

मला हसू आलं न्हाई. पन्नास वर्षं संसार केला; मालकाचं नाव उखाण्यापुरतं घेतलं, एरवी न्हाई. नाव जिभेवर कव्हा अडतं, ते मला कुणी शिकवायचं?

तिला आत ओढलं. "कव्हापासून?"

"परवापासून नाव घेताच येत न्हाई, आजी... त्यांना अजून म्हाईत बी न्हाई."

मी बाहेर आले. "वैजनाथ, सुपारी खाली ठेव." पाहुण्यांपुढं हात जोडले, जन्मात पहिल्यांदा. "शब्द मी दिला, मीच मोडते. शिव्या मला द्या, पोरीला नको. चहा घेऊन जा."

अन् तशीच मंडपवाल्याकडं गेले.

"मांडव पाहिजे. राजनंदिनीच्या लग्नाचा."

दोरी गुंडाळता गुंडाळता पोरगं थांबलं. "लग्न...? कुणाशी?"

"तिला नाव घेता येत न्हाई त्याचं," म्हणलं. "तूच जाऊन विचार."

दोरीचं भेंडोळं तिथंच टाकून पळालं ते. मी बसले दुकान राखत.