आक्काचा फोटो

सुयश स्पितीला निघाला तेव्हा त्याने एक पाकीट माझ्या हातात दिलं. दिघाशीच्या आक्काला एवढं पोचव, वर्षापूर्वी शब्द दिलाय, म्हणाला. आम्ही दोघं भिवंडीतल्या एकाच शाळेत मास्तर, दोघांनाही सुट्टीत गावोगाव फिरून फोटो काढायचं वेड. ज्याचा फोटो काढला त्याला प्रत नेऊन द्यायचीच, हा त्याचा नियम. मी 'आणून देतो' म्हणायचो आणि विसरायचो. प्रदर्शनं मात्र त्याचीच भरायची. माझा जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोलू?

वाटेत पाकीट उघडलं. ओट्यावर बसलेली म्हातारी, मांडीवर रिकामे हात. असा फोटो मला उभ्या जन्मात जमला नसता. पाकीट बॅगेच्या तळाशी कोंबलं.

दुपारचे दोन वाजले होते. गावात चिटपाखरू नव्हतं. आक्का त्याच ओट्यावर बसली होती. मागच्या उघड्या दारातून उदबत्तीचा वास येत होता, आत जमिनीवर भरदुपारी दिवा जळत होता.

"माजा फोटू आनलास?" तिने हळूच विचारलं.

"तो... बिघडला, आक्का. मी नवा काढतो. त्याहून चांगला."

तिने फक्त हात पुढे केला. मी कॅमेरा डोळ्याला लावला. दिव्याचा उजेड सुरेख पडला होता, म्हणून तोही चौकटीत घेतला. तो कशासाठी लावलाय, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

वेशीजवळ तिचा मुलगा केसरीनाथ भेटला. मोटरसायकलवर पत्रावळ्यांचा गठ्ठा होता. माझ्या गळ्यातला कॅमेरा बघून तो थांबला.

"सुयश सरांनी धाडलं काय? उद्या आक्काचं बारावं हाय. भिंतीवर लावाया घरात तिचा एकपन फोटू न्हाय..."

माझा हात बॅगेतल्या पाकिटाकडे गेला. तेव्हाही देता आलं असतं. पण तो फोटो भिंतीवर लागणार आणि सगळा गाव सुयशचं नाव घेणार, हे माझ्याने सोसवेना.

"नाही," मी म्हणालो, "सहज आलो होतो."

घरी येऊन पाकीट उघडलं. फोटोतला ओटा रिकामा होता. आक्का माझ्या कॅमेऱ्यात होती, हात पुढे करून.

आता प्रदर्शनं माझी भरतात. कच्छ असो की कोकणातली जत्रा, माझ्या प्रत्येक फोटोत कुठेतरी ती हात पुढे करून उभी असते. लोक वाहवा करतात. सुयशने तिला ओळखलं. त्याच्याकडच्या मूळ फोटोतही ती आता नाही. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही.

पाकीट घेऊन मी दोनदा दिघाशीला गेलो आणि वेशीवरून परतलो. रिकाम्या ओट्याचा फोटो केसरीनाथच्या हातात कसा ठेवू?

दर फोटोत ती एक पाऊल जवळ येते. काल मी आमच्या शाळेचं पटांगण टिपलं. त्यात पटांगण नाही. नुसता एक तळहात आहे, आणि बोटांच्या फटींतून दिव्याचा उजेड.