चाळीस शब्द

आठवड्याला घरून एक निरोप, तोही चाळीस शब्दांचा, आणि उत्तर द्यायची सोय नाही. अण्वस्त्रं पोटात घेऊन समुद्राखाली दडायचं, म्हणजे पाणबुडीने फक्त ऐकायचं. तोंड उघडलं की ठावठिकाणा कळला. असे तीन महिने. निघण्यापूर्वी प्रत्येकाकडून एक कागद भरून घेतात: घरी काही बरंवाईट झालं, तर लगेच कळवायचं की परतल्यावर? रेडिओवाल्याने आणि आचाऱ्याने शेजारीशेजारी उभं राहून ‘परतल्यावर’पुढे खूण केली होती. पाण्याखाली कळून काय डोंबल करणार?

विसाव्या दिवशी आचाऱ्याची बायको गेल्याची बातमी आली. रेडिओवाल्याने ती उतरवून कप्तानाला दिली, कप्तानाने कपाटात कुलूपबंद केली. तेव्हापासून आचाऱ्याने वाढलेला घास रेडिओवाल्याच्या घशाखाली उतरत नव्हता.

चार दिवसांनी तिचा निरोप आला. आधीच लिहून ठेवला असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली. पुढच्या आठवड्यात पुन्हा आला. ‘काल हात भाजलात ना? थंड पाण्याखाली धरायचा होता.’ आचाऱ्याचा हात खरंच आदल्या दिवशी भाजला होता, आणि ते बोटीबाहेर कुणाला कळणं शक्यच नव्हतं. रेडिओवाला कागद घेऊन कप्तानाकडे गेला.

"साहेब, हे... द्यायचं त्याला?"

कप्तानाने कागद दोनदा वाचला. "विचारणार कुणाला आपण? द्या," तो हळूच म्हणाला.

आचारी मात्र खूश. हिचं लक्ष कुठेकुठे असतं बघा, म्हणून दिवसभर सगळ्यांना सांगत सुटला.

त्यानंतरचा निरोप दुसऱ्या पाळीतल्या माणसाने उतरवला. आचारी तो घेऊन स्वतःच रेडिओवाल्याकडे आला.

"चला, आमची ही आता एकटी नाही. वहिनी आल्यात म्हणे तिच्याकडे राहायला, कालपासून. आणि तुझी लेकही येणार आहे, रविवारी."

रेडिओवाला धडपडत कप्तानाच्या खोलीशी पोचला.

"साहेब, माझ्या घरचं... काही आलंय?"

कप्तानाची नजर कपाटाकडे गेली आणि खाली वळली. "तुम्ही कागदावर काय लिहून दिलंय, आठवतंय ना?"

"माझं राहू द्या, साहेब. लेक आहे हो घरी... एक निरोप पाठवू द्या. चार शब्द."

"बोट बोलत नाही," कप्तान म्हणाला.

रेडिओवाला जागेवर परत आला, कानाला यंत्र लावून ऐकत बसला. शनिवार होता.