चढावर वाढणारा आकडा

गेल्या मे महिन्यात ईशानी आबांना घेऊन कुक्षीला गेली, ती गणोजीकाकांना भेटवायला. आबा म्हणजे तिचे वडील, शिवाजीराव. महसूल खात्यात निरीक्षक म्हणून त्यांचा सगळा जन्म त्या भागात गेला. गणोजीकाका नोकरीतले जुने सोबती, आता अंथरुणाला खिळलेले. दोघा म्हाताऱ्यांची एकदा भेट व्हावी, एवढंच काम.

ईशानी धारच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. गाडी तिची नव्हती. देवासला राहणाऱ्या धाकट्या भावाने, संग्रामने, दलालाकडून वापरलेली इलेक्ट्रिक गाडी घेतली होती आणि आठ दिवसांसाठी बहिणीकडे ठेवली होती. "आवाज नाही, धूर नाही. आबा आरामात बसतील," म्हणाला होता.

कागदावर ती गाडी एका चार्जमध्ये सव्वातीनशे किलोमीटर जायची. खरी किती जाते ते ईशानीला दोन दिवसांत कळलं. मे महिन्याच्या उन्हात, एसी लावून, जेमतेम दोनशे. घाट चढायचा असेल तर त्याहूनही कमी. धार ते कुक्षी शंभर किलोमीटर धरा. जाताना उतार, म्हणून बॅटरी कमी खर्च होते. येताना तोच घाट अंगावर येतो. तेव्हा काकांकडे जेवणखाण होईतो गाडी प्लगला लावून ठेवायची, असं तिने ठरवलं होतं.

पण कुक्षीत सकाळपासून लाइट नव्हती. ट्रान्सफॉर्मर जळला होता. तीन वाजेपर्यंत वाट पाहिली. आबांचं संध्याकाळचं इन्शुलिन धारला फ्रिजमध्ये राहिलेलं. शेवटी निघाली तेव्हा पडद्यावर त्रेचाळीस टक्के होते. वाटेत एका ढाब्यावर चार्जर असल्याचं मोबाइल सांगत होता. तिथे पोचली तर ढाब्याला कुलूप, आणि चार्जरच्या वायरी कोणीतरी कापून नेलेल्या.

घाटाच्या पायथ्याशी आकडा बारावर आला. अजून चाळीस किलोमीटर. मागे फिरावं तर कुक्षी गाठण्याइतकीही बॅटरी उरली नव्हती. फोनला रेंज नाही. तिने एसी बंद केला, काचा खाली केल्या आणि चाळीसच्या वेगाने चढ घेतला. जिथवर जाईल तिथवर, मग बघू.

उन्हाने रस्ता पांढरा पडला होता. दोन्हीकडे सागाची निष्पर्ण झाडं. गाडीला इंजिनाचा आवाज नसतो, त्यामुळे टायरांची सरसर आणि झाडांतून येणारा लूचा गरम वारा, एवढंच कानावर. शेजारी बसलेले आबा मात्र खुशीत होते.

"हा नाला ओलांडला की भुवानचा मळा," ते सांगत होते. "त्याच्या शेताच्या मेरेवरून भांडत दोघे भाऊ बारा वर्षं कचेरीत येत होते. मी साखळी घेऊन तीनदा मोजला, ईशू. तिन्ही वेळेला..."

ते थांबले. ईशानीला वाटलं, डोळा लागला.

दुसऱ्या वळणावर तिची नजर पडद्यावर गेली. तेरा. आधी बाराच पाहिले होते ना? चढावर आकडा वाढत नाही. उतारावर वाढतो, चढावर कधीच नाही. मुलांना तिनेच हे फळ्यावर काढून दाखवलं होतं. पुढच्या वळणाला चौदा झाले. मग सोळा. तिला हायसं वाटलं, हे ती अजून लपवत नाही. पडदा बिघडला असेल, आधीच कमी दाखवत असेल, काही असो, आबा घरी पोचतील. तिने वेग वाढवला.

मग वास आला. देवापुढची वात नुकतीच विझली की येतो तसा. काचा उघड्या होत्या, भरारा वारा येत होता, तरी वास जाईना.

"आबा, तुम्हाला वास येतोय?"

आबांनी डोळे उघडले. "आपण कुठं चाललोय?"

"घरी, आबा."

"कोणाच्या?"

तिने त्यांचा हात धरला आणि सोडून दिला. बाहेर त्रेचाळीस डिग्री, स्टिअरिंगला हात लावला तर चटका बसत होता, आणि आबांचा हात ओल्या माठासारखा गार. ओठ निळसर. पडद्यावर एकवीस.

तिने गाडी कडेला घेऊन बंद केली. आबांची छाती हळूहळू वर-खाली होऊ लागली. पाच मिनिटांनी गालांवर थोडा रंग आला. इस्पितळ गाठायला हवं म्हणून तिने गाडी पुन्हा सुरू केली. दोनशे पावलंही गेली नसेल. आकडा बावीस झाला आणि आबांची मान छातीवर पडली.

आता मात्र ती थांबलीच. आबांना दोन्ही काखांत धरून बाहेर ओढलं, मोहाच्या झाडाखाली सावलीत बसवलं, त्यांचे तळवे चोळत राहिली. एकही वाहन येत नव्हतं. बऱ्याच वेळाने आबांचे ओठ हलले. तिने कान जवळ नेला.

"ईशू... मला परत आत बसवू नकोस."

"नाही बसवणार."

"ती पिते," आबा म्हणाले. "हळूहळू... गाईचं वासरू पितं तशी."

साडेपाचच्या सुमारास कांद्याच्या गोण्या भरलेली एक पिकअप खालून चढत आली. चालवणारा तिरला गावचा भूपेंद्र. "क्या हुआ दीदी, बॅटरी खतम?" त्याने विचारलं. "बाबूजी की तबियत," एवढंच ईशानी म्हणाली. त्याने आबांना उचलून आपल्या शेजारी बसवलं. "आप पीछे-पीछे आ जाओ. गाडी इधर छोडोगी तो सुबह तक चक्के नहीं मिलेंगे."

भावाची गाडी. ती मागे निघाली. एकटीच.

चार किलोमीटर आकडा बावीसवरच होता. तिने श्वास सोडला. मग तिला जांभई आली. पाठोपाठ दुसरी. स्टिअरिंगवरची बोटं बधिर झाल्यासारखी वाटली. पुढे पिकअपचा लाल दिवा दिसत होता, पण आत कोण बसलंय ते तिला आठवेना. आपलंच कोणीतरी आहे, इतकंच ठाऊक. तेवीस. चोवीस.

तिने दोन्ही पायांनी ब्रेक दाबला, दार उघडलं आणि हॉर्न वाजवत राहिली. भूपेंद्र मागे आला तेव्हा ती रस्त्यावर बसून हात चोळत होती. उरलेली वाट ती मागे कांद्यांवर बसून आली. गाडी दुसऱ्या दिवशी ट्रकवर चढवून धारला आणवली.

धारच्या डॉक्टरांनी थर्मामीटर बदलून पाहिला. या दिवसांत उष्माघाताचे पेशंट येतात, म्हणाले, असा गारठलेला पहिलाच. आबा वाचले. पण मे महिन्यात दोन रजया पांघरून बसतात, आणि गणोजीकाकांचं नाव काढलं की विचारतात, हे कोण?

संग्राम गाडी न्यायला आला तेव्हा ईशानीने सगळं सांगितलं, काही न लपवता. त्याने ऐकून घेतलं. "ताई, आबांची शुगर उतरली होती. तू घाबरलीस. दमली होतीस," म्हणाला. तिने हात धरला, गाडी विकून टाक म्हणाली, शेवटी रागावलीसुद्धा. तो आबांच्या पाया पडला आणि त्याच गाडीत बसून देवासला गेला. दोन-अडीच तासांचा रस्ता, एकटा माणूस. घरी पोचल्याचा त्याचा फोन आला, तेव्हा आवाज थोडा थकलेला वाटला. बाकी काही नाही.

दहा दिवसांनी, रविवारी दुपारी, पुन्हा त्याचा फोन आला. तो बागलीहून परतत होता; सासुरवाडीला गेला होता.

"ताई, तू या गाडीला उगाच नावं ठेवलीस. बागलीला चार्जिंग जमलं नाही. तीस टक्क्यांवर निघालो, आणि खर्च तर दूरच, वाढतेय बघ."

ईशानी उभी राहिली. "बरोबर कोण आहे?"

"वल्लरी. तिची आई राहिली दोन दिवस माहेरी."

वल्लरी त्याची मुलगी, सहा वर्षांची.

"संग्राम, गाडी थांबव. तिला बाहेर काढ."

"अगं, मागच्या सीटवर इतकी गाढ झोपलीय. निघाल्यापासून हललीसुद्धा नाही. कशाला उठवू?"

"तिच्या हाताला हात लावून बघ. माझं ऐक. आत्ता."

पलीकडे फक्त टायरांची सरसर. मग त्याने एक लांब जांभई दिली.

"कोणाच्या हाताला?" त्याने विचारलं.