बाटलीतले शेवटचे थेंब

देवळाला कुलूप होतं. घंटा वाजवणारे म्हातारबुवा तापाने पडलेले, म्हणून किल्ली घेऊन आला तो लिव्हिओ, शेजारच्या द्राक्षमळ्याचा मालक. हात कोपरापर्यंत जांभळे... मला पाहून त्याने ते पाठीमागे नेले.

"लपवता कशाला?" मी म्हटलं. "द्राक्षांचाच रंग ना?"

"धुतले होते हो... दोनदा." आणि कानही त्याच रंगाचे झाले.

बाबा, झेलिंडा आत्या आणि मी इटलीतल्या पेरूजा शहरातून दिवसभरासाठी हे खेड्यातलं जुनं चर्च पाहायला आलो होतो. भिंतीवरचे संत पाहून झाले, तेवढ्यात लिव्हिओ रविवारी प्रार्थनेत गातो हे आत्याला कळलं. मग ती सोडते होय! रिकाम्या देवळात त्याने एक स्तोत्र गायलं. आवाज काही मोठा नव्हता. पण देवापुढे माणसाला खोटं बोलता येत नाही, तसा तो सूर होता. बाबांनी टोपी काढून छातीशी धरली. मी मात्र संतांकडे पाहायचं सोडून... असो, देव दयाळू आहे.

जेवण त्याच्याच अंगणात, अक्रोडाखाली. भाजलेलं कबूतर, मसूर, बिनमिठाचा पाव आणि त्याची गडद तांबडी वाइन. ऊन हळूहळू उतरत होतं.

बाटलीतले शेवटचे थेंब ज्याच्या पेल्यात पडतील, त्याचं वर्षभरात लग्न होतं म्हणतात. प्रत्येक सणाला आत्या ते माझ्याच पेल्यात पाडते. आता मी छत्तिशीची. दर वेळी मी हसून घेते. पण आज, त्याच्यासमोर... त्याला माझी कीव आलेली मला सोसली नसती.

आत्याने बाटली तिरकी केली. मी पेल्यावर तळहात ठेवला. तिने हात चुकवला, आणि थेंब पडले शेजारच्या, बाबांच्या पेल्यात.

"घ्या," आत्या म्हणाली. "आता आमच्या विधुर दादाला नवरी शोधा."

बाबाही पोट धरून हसले. लिव्हिओ हसला नाही. माझ्या हाताकडे पाहत उठला आणि तळघरातून नवी बाटली घेऊन आला. बाबा गाडी काढायला गेले, आत्या अक्रोड वेचायला, तेव्हा त्याने ती माझ्यापुढे ठेवली.

"ही घरी न्या. फक्त... एकटीने संपवू नका. मी आलेलं चालेल का?"

"शेवटचे थेंब माझ्या पेल्यात पाडायला?"

"नाही. ओतणार तुम्ही. कुणाच्या पेल्यात, ते तुम्हीच ठरवा."

मी बाटली उचलली... आणि परत त्याच्या हातात दिली.

"घाटात ढवळून निघेल ही. इथेच राहू दे. उद्या रविवार. प्रार्थनेला मी येते. बसने, एकटी. पुढच्या बाकावर बसेन."

"मग माझा सूर चुकणार."

"चुकू दे."

गाडीत आत्याने विचारलं, एवढी चांगली बाटली दिली होती, ती कुठंय? विसरले, म्हटलं मी. तिने मला नीट न्याहाळलं, जपमाळ काढली आणि घाट संपेपर्यंत, आयुष्यात पहिल्यांदाच, एक शब्द बोलली नाही.