तांबू कुणाला हाक मारतेय?

"शर्ट धुतलेला नको, घामाचाच पाहिजे," संपदाने रसिकाला पुन्हा बजावलं. "आणि काका आंघोळीला गेले की लगेच आण."

रसिका मान डोलावून घरात पळाली. बंटी गोठ्याच्या दारात पहाऱ्याला उभा राहिला. संपदा मात्र एका जागी उभी राहू शकत नव्हती. आज शुक्रवार, आणि रविवारी टेम्पो येणार होता.

पेणकरपाड्यातल्या इमारतींच्या मधोमध रखमाआजींचा गोठा अजून तग धरून होता. एके काळी त्या घराची भातशेती होती, आता तीन गाई तेवढ्या उरल्या होत्या. कपिला मुकी म्हणावी इतकी शांत. चांदणी रखमाआजी दिसल्या की तेवढी हंबरायची. आणि तांबू? आजींचा मुलगा भूपेश गोठ्यात शिरला रे शिरला, की दावं ताणून अशी काही ओरडायची, की समोरच्या इमारतीच्या खिडक्या धडाधड बंद व्हायच्या.

त्यातली एक खिडकी संपदाच्या घराची होती. तिची आई नर्स, रात्रपाळी करून सकाळी घरी यायची. अंथरुणाला पाठ टेकते न टेकते तोच खालून तांबूचा आवाज! आई उठून बसायची, पाणी प्यायची, पुन्हा आडवी व्हायची, पुन्हा उठायची. शेवटी सोसायटीने तक्रार केली, तेव्हा आईनेही त्यावर सही केली. भूपेशकाकांनी सांगून टाकलं की ही गाय बिघडलीय, रविवारी तिला लांबच्या व्यापाऱ्याकडे पाठवून देतो. आईला हायसं वाटलं. संपदाला वाटेना. आईला झोप मिळायला हवी होती, पण ज्या गाईचं कपाळ खाजवत तिची निम्मी सुट्टी गेली होती, ती गाय कुठेतरी निघून जावी हेही तिला सहन होत नव्हतं.

म्हणून रखमाआजींची नात रसिका, शेजारचा बंटी आणि ती, अशी तिघं संपदाच्या खिडकीत ठाण मांडून बसली होती. काका तांबूला मारत असतील, असं बंटीला वाटत होतं. पण काका तिला बोटही लावत नव्हते. गव्हाणीत चारा होता, पाणी होतं. "तिला काकांचा चेहराच आवडत नसेल," बंटीने शेवटी हात टेकले.

संपदाचं लक्ष मात्र चांदणीकडे गेलं. रखमाआजी पदराआड भाकरीचा तुकडा घेऊन यायच्या. तो मिळेपर्यंत चांदणी ओरडायची आणि मिळाला की गप्प. कपिलाला कुणाकडूनच काही नको असायचं, म्हणून ती कुणालाच हाक मारत नव्हती. म्हणजे ज्याच्याकडून काही हवं असतं, त्याच्यापुढेच गाय बोलते. मग तांबूला काकांकडून हवंय तरी काय?

आणखी एक गोष्ट होती. काका बाहेरून आले की तांबू आकांत करायची. आंघोळ करून आले, तर नुसती वास घेऊन बघायची.

रसिका शर्ट घेऊन धापा टाकत आली. संपदाने आधी बंटीचा घामट टी-शर्ट गोठ्याच्या आडव्या बांबूवर टाकला. तांबूने मान फिरवली. मग काकांचा दोरीवर वाळलेला, धुतलेला शर्ट. तोही तिने नुसता हुंगला. मग काकांनी आत्ताच काढलेला शर्ट संपदाने पुढे धरला.

तांबूने नाक खुपसलं, बाही चाटली, आणि एवढ्या मोठ्यांदा हंबरली की बंटी दचकून शेणात बसला.

"शर्टात माणूस नाहीच," रसिका हळूच म्हणाली. "ती काकांना नाही, शर्टाला ओरडतेय."

संपदाने शर्ट उजेडात धरला. त्यावर बारीक, मऊ, पांढरे केस चिकटले होते. गोठ्यातल्या तिन्ही गाईंपैकी एकही पांढरी नव्हती. पांढरं होतं फक्त तांबूचं वासरू. आणि ते तर भूपेशकाकांनी चौक गावाला, त्यांच्या मामांकडे पाठवलं होतं. रखमाआजींचे गुडघे धरले होते, त्यामुळे त्या स्वतः जाऊन बघू शकल्या नव्हत्या. पण काका तिकडे कधी जातच नव्हते, मग केस आले कुठून? बाहीवर काळ्या ऑइलचा डागही होता.

"काकांच्या मित्राचं, जितेशकाकांचं गॅरेज," रसिका म्हणाली. "काशीमीऱ्याला. काका रोज सकाळी तिथेच असतात."

तिघं रिक्षाने काशीमीऱ्याला पोचली. हायवेवर ट्रकची रांग संपत नव्हती. हॉर्न, धूर आणि उन्हाचा नुसता रखरखाट. एकमेकांचे हात घट्ट धरून त्यांनी रस्ता ओलांडला. जितेशचं गॅरेज सापडलं, पण आत शिरायचं कसं?

बंटी सरळ पुढे झाला. "अंकल, ट्रकची जुनी ट्यूब मिळेल का? पोहायला पाहिजे."

जितेश इंजिनात डोकं घालून काम करत होता. त्याने वर न बघताच हात केला. "मागे ढीग पडलाय, बघ जा."

मागे पत्र्याची शेड होती. टायरच्या ढिगाआड, हातभर नायलॉनच्या दोरीला वासरू बांधलेलं होतं. बरगड्या मोजता येत होत्या. पुढ्यात गवताची वाळकी पेंढी होती, बादली आडवी पडली होती. पत्रा इतका तापला होता की उभं राहवत नव्हतं. संपदाने नळावरून बादली भरून आणली. वासराने तोंड घातलं ते बादली रिकामी होईपर्यंत काढलंच नाही. मग त्याने मान उंच करून बारीक आवाजात हाक मारली, पुन्हा पुन्हा. रसिकाने मोबाइल काढून ती हाक रेकॉर्ड केली.

संपदाला ते वासरू तिथे सोडून निघवेना. पण ते रिक्षात मावणार नव्हतं, आणि जितेशला कळलं असतं तर त्याने लगेच काकांना फोन लावला असता. "परत येतो," ती त्याच्या कानात म्हणाली आणि पळत सुटली.

पेणकरपाड्यात पोचली तर गल्लीत टेम्पो उभा! व्यापाऱ्याला आजच वेळ होता म्हणे. मागची फळी खाली टाकलेली, दोन माणसं तांबूला ओढतायत, सोसायटीचे सेक्रेटरी बाजूला उभे. रखमाआजी ओट्यावर तोंड फिरवून बसल्या होत्या. तांबूने चारही पाय रोवले होते आणि तिच्या ओरडण्याने सगळी गल्ली दणाणत होती.

संपदाने काकांना थांबायला सांगितलं. काका वैतागले होते. "बाजूला हो, लागेल कुठेतरी," एवढंच ते म्हणाले.

रसिकाने रेकॉर्डिंग लावलं, पण त्या गोंगाटात ऐकूच येईना. संपदाने ओट्यावरची दुधाची रिकामी बादली उचलली, मोबाइल आत टाकला आणि बादली तांबूच्या तोंडासमोर धरली. आत वासराची हाक घुमली.

तांबू एकदम थांबली. कान पुढे झाले. मग तोंड न उघडता, छातीतून, तिने इतका हळू आवाज काढला की गल्लीतला प्रत्येक माणूस गप्प झाला.

रखमाआजी भिंतीला धरून उठल्या. "हा आवाज गाय फकस्त वासराला काढते," त्या म्हणाल्या. "भूपेश, वासरू कुठं हाय?"

"चौकला आहे, आई."

"चौकला न्हाय ते," आजी म्हणाल्या. "माझ्याकडं बघून सांग."

काकांनी वर बघितलं नाही. संपदाने शर्टापासून टायरच्या ढिगापर्यंत सगळं सांगितलं. मग काकाही बोलले. वासरू फार ओरडायचं, म्हणून लोकांची बोलणी बसायला लागली. मामांकडे जागा नव्हती. दोन दिवसांसाठी म्हणून गॅरेजमागे बांधलं, ते तिथेच राहिलं. ओरडणं बंद व्हावं म्हणूनच हे केलं होतं. रोज सकाळी त्याला गवत टाकून ते तसेच गोठ्यात येत होते, आणि आपण अंगावरून काय घेऊन येतोय, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"बरगड्या दिसतायत त्याच्या, काका," संपदा म्हणाली. "आणि बादली आडवी होती."

काकांनी टेम्पोवाल्याकडे वळून सांगितलं, "गाय राहू दे. काशीमीऱ्याला चल."

संध्याकाळ व्हायच्या आत वासरू गल्लीत उतरलं. त्याला धड चालताही येत नव्हतं. तांबू त्याला चाटत सुटली. डोकं, कान, पाठ, पुन्हा डोकं. वासरू तिच्या कासेला लुचायला लागलं आणि गोठ्यात चुकचुक आवाजाशिवाय काहीच ऐकू येईना.

सेक्रेटरी म्हणाले की आम्ही तक्रारी लिहीत बसलो, खाली उतरून बघितलं ते या पोरांनी. रखमाआजींनी तिघांच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "गाय सांगत व्हती, आमी नुसता आवाज ऐकला," त्या म्हणाल्या. "सांगणं ऐकलं ते तुमी."

संपदाची आई ड्यूटीला निघाली होती, ती गोठ्यापाशी थबकली. तिने त्या मायलेकरांकडे बघितलं. मग तिने लेकीला जवळ ओढलं. "मला उठून खाली यायला हवं होतं," ती म्हणाली. "तू गेलीस, बरं केलंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी भूपेशकाका गोठ्यात शिरले आणि सवयीने दारातच थांबले. तांबूने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि वासराचा कान चाटायला लागली. काकांनी पाण्याची बादली वासरापुढे ठेवली, ती हलणार नाही अशी दगडाला टेकवली, आणि ते तिथेच खाली बसले.