गिरीशची साइट व्हिजिट

तनू, तो मोठा दिवा बंद कर आधी, डोळ्यांवर येतो. आणि कुश, फोन उलटा ठेव. सांगतोय ते माझ्या पुतणीच्या, मनीषाच्या नवऱ्याच्या बाबतीत घडलंय. गिरीश. इथून एजवेअरहून दीड तासावर, बेसिंगस्टोकला. खोटं वाटलं तर मनीषाला विचारा.

सोळा जानेवारी २०२५, गुरुवार. मनीषाची साउथहॅम्प्टनला नाइट शिफ्ट होती आणि तिची गाडी गॅरेजमध्ये, म्हणून गिरीश तिला हॉस्पिटलला सोडून आला. येताना पेट्रोल स्टेशनवर दूध घेतलं. घरी पोचला तेव्हा दहा चाळीस. बाहेर उणे तीन, रस्त्यावर चिटपाखरू नाही. त्याने चहा केला नि किचनच्या टेबलावर लॅपटॉप उघडला.

आता ह्या माणसाचं काम ऐका. तो एका कन्सल्टन्सीत इंजिनिअर. उत्तर भारतात, हिमालयाच्या पायथ्याशी तराईत, एक जिल्ह्याचं गाव आहे. नाव मी सांगणार नाही. तिथे इथल्या एका ट्रस्टला ऐंशी मुलींचं वसतिगृह बांधायचं होतं. जागा चालेल की नाही, हे गिरीशच्या रिपोर्टवर ठरणार, आणि शुक्रवारी सकाळी नऊला ट्रस्टची जागेच्या कागदांवर सही. ऑफिसातल्या लोकांना वाटलं, गिरीश इंडियन, त्याला तिथलं सगळं ठाऊक असणार. आणि ह्या शहाण्याने वाटू दिलं! जन्म कोथरूडचा, उत्तर भारत म्हणाल तर दिल्लीचा एअरपोर्ट तेवढा पाहिलेला. 'भूगोल आणि हवामान' हे प्रकरण त्याने भलत्याच गावाच्या जुन्या रिपोर्टातून उचललं नि गावाचं नाव बदललं. उन्हाळ्यात लूचे गरम वारे, हिवाळ्यात धुकं, पाऊस अमुक मिलिमीटर, नदी पूर्वेला चार किलोमीटर, जमीन उंच आणि कोरडी. खाली 'प्रत्यक्ष पाहणी केली' म्हणून सही ठोकली. शी! दुसऱ्याच्या ताटातलं खरकटं पाहुण्याला वाढावं, तसला प्रकार.

त्याला तिथून एक मेल आला होता. रामअवध नावाचा म्हातारा, जन्मभर नदीची पातळी मोजायची नोकरी केलेला. नातवाकडून लिहून घेतलं होतं त्याने. साहेब, नदी सरकली आहे, ती जागा म्हणजे आता नदीचंच पोट, भाद्रपदात तिथे छातीभर पाणी असतं, एकदा येऊन बघा. गिरीशने उत्तर दिलं नाही. पुढचा मेल तर उघडलासुद्धा नाही.

साडेअकराला त्याला उकडायला लागलं. हीटिंग बंद होतं. तरी त्याने स्वेटर काढला, शर्टाची बटणं सोडली. पाठ चिकट झाली. हवा अशी जड, की जणू नाकातोंडात ओला बोळा कोंबलाय. मग वास आला. कुजलेला पेंढा, शेण, मेलेलं जनावर. त्याने कचऱ्याचा बिन उघडून पाहिला. रिकामा.

"काका, ड्रेन ब्लॉक झालं असेल."

हो गं तनूबाई, त्यालाही तेच वाटलं. सिंकवर वाकला... तर आतून पाणी वर येत होतं. गढूळ, दाट. वर साय. सायीत केस. मी चाळीस वर्षं डॉक्टरकी केली, घाणीला भीत नाही, पण असलं कधी ऐकलं नव्हतं. तो तिथेच ओकला. ते त्याच पाण्यात तरंगत राहिलं. सिंक भरलं. सांडलं. पायाशी आलं. कोमट.

मागे कुणीतरी खाकरलं.

तो वळला. दाराशी म्हातारा. धोतर अंगाला चिकटलेलं. कातडी पांढरी, फुगलेली... बोट लावलं तर सुटून येईल अशी. गालावर जळू. हलत होती.

"साहब... आप आए नहीं."

गिरीश मागे सरकला, सिंकला टेकला.

"चलिए... देख लीजिए."

दिवे गेले.

...

पुढचं आठवत नाही म्हणतो. आठवतं ते एवढंच... छातीला लागलेलं पाणी. अंधार. आणि पाय गाळात.

दिवे आले तेव्हा तो किचनच्या टेबलाशी, खुर्चीवर. फरशी कोरडी, सिंक लख्ख. पाच वाजले होते. त्याने तो न उघडलेला मेल उघडला. ऑक्टोबरचा होता. नातवाची एकच ओळ. दादाजी भादों में उसी ज़मीन पर डूब गए.

रडला. चांगला हमसून रडला. मग ते प्रकरण पुसून टाकलं नि ट्रस्टला सरळ लिहिलं, मी खोटी सही केली, मी तिथे कधीच गेलेलो नाही, ती जागा पाण्याखाली जाते, तिथे मुलींना ठेवू नका. पाठवून दिलं. दुपारपर्यंत नोकरी गेली. बरं झालं, असं मी त्याच्या तोंडावर म्हटलंय. वसतिगृह आता दुसरीकडे, उंचावर बांधतायत.

पण त्या सकाळी मनीषा टॅक्सीने घरी आली, तेव्हा तो सोफ्यावर बसून पायमोजे सोलत होता. हो, सोलतच होता, कारण ते कातडीला चिकटले होते. बोटांच्या बेचक्यांत मांस उघडं पडलेलं, कडा पांढऱ्या, कुजक्या, त्यातून पू. चिखल्या म्हणतात त्याला. तुम्ही इथे जन्मलात, तुम्ही कुठून पाहणार! भातलावणीत दिवसच्या दिवस चिखलात उभ्या राहणाऱ्या बायकांना होतात. एका रात्रीत नाही होत.

मनीषा नाकाला पदर... छे, स्कार्फ लावून खाली बसली. नर्स आहे ती, पाय बघून कळतं तिला. त्याचा पाय उजेडाकडे वळवला.

"गिरीश," ती म्हणाली, "हे पंधरा दिवसांचं आहे. कुठे गेला होतास?"