हुंकाराची जागा

सोळाव्या सोमवारी सकाळी पूजा आटोपून शैलजा बुलढाण्याच्या बसस्टँडजवळच्या सहदेवच्या मोबाइल-दुरुस्तीच्या दुकानात गेली. पदराला बांधून नेला होता तळहातात मावेल एवढा प्लेअर. त्यात तिच्या सासूनं, गीताबाईंनी, सोमवारची कहाणी भरून ठेवलेली. सासू जाऊन तीन वर्षं झाली. पंधरा सोमवार शैलजानं त्याच आवाजात कहाणी ऐकली, हुंकार दिला. आणि परवा शनिवारी प्लेअरमधलं सगळंच पुसलं गेलं. व्रताचा शेवटचा सोमवार तर आजच! लेक आरोही सातव्या महिन्यात माहेरी आलेली, आधीच्या दोन खेपा रिकाम्या गेलेल्या. व्रत तिच्यासाठीच होतं.

दुपारी सहदेवनं प्लेअर परत दिला. "भजनं, गाने, सारे गेले काकू. येवढी कहाणीच सापडली."

"तेच पाह्यजे होती बापा! महादेव तुह्यं भलं करो."

"पन मंधात हूं हूं करून राह्यली, ते बाई कोन?"

"मीच असीन," ती हसली.

घराची पायरी चढताना मात्र तिचं पाऊल थबकलं. कहाणी भरताना गीताबाई एकट्याच होत्या, दार लावून. नंतर म्हणाल्या होत्या, "हुंकाराची जागा सोडून ठेवली, शैला. ते तू भर. ज्याचा हुंकार, त्याले फळ."

दिवेलागणीला तिनं समई लावली, पिंडीवर बेल वाहिला. आरोही आतल्या खोलीत पडली होती. शैलजानं प्लेअर सुरू केला. गीताबाईंचा घोगरा, मायेचा आवाज देवघरात भरला. पहिला थांबा आला. शैलजानं तोंड उघडलं, त्याआधीच प्लेअरमधून आलं...

"हूं..."

मऊ, ओला, बाईचा आवाज.

बंद करायला गेलेला हात तिनं मागं घेतला. कहाणी अर्धी सोडली तर व्रत मोडतं. पुढच्या थांब्याला तिनं घाई केली. त्या आवाजानंही केली. उदबत्तीच्या वासात बुजलेल्या विहिरीसारखा ओलसर वास मिसळत गेला.

मग गीताबाई भलत्याच जागी थांबल्या. पंधरा सोमवारांत तिथं कधी थांबल्या नव्हत्या.

"शैला... हे माह्या बाजूले कोन येऊन बसलं?"

शैलजा प्लेअरकडे वाकली. "मी... मी ऐकून राह्यली, आत्याबाई... तुम्ही सांगा..."

क्षणभर नुसती खरखर. मग कहाणी पुढं सरकली. शेवटच्या थांब्याला शैलजानं जीव एकवटून "हूं" म्हटलं. हुंकार तिच्या एकटीचाच. प्लेअर गप्प होता.

"शंभो, लाज राखलीस रे!" तिनं बटण बंद केलं, बॅटरी काढून पाटावर ठेवली आणि प्रसाद घेऊन आत गेली. आरोही पोटावर हात ठेवून हसत होती.

"आई, बाळानं लाथ मारली! आत्ताच!"

शैलजा काही बोलणार, तोच देवघरातून आलं...

"हूं..."

तेव्हापासून आरोहीनं बाळाचं नाव काढलं, की शैलजा घाईघाईनं हुंकार देते.

"आई, मी काय कहाणी सांगून राह्यली का?" लेक चिडवते. शैलजाही हसते, रोज एक बेल जास्त वाहते. कधी तिला वेळेवर जमतं. कधी दोन हुंकार एकदमच येतात, आणि त्यातला आपला कोणता, ते तिचं तिलाही सांगता येत नाही.